रोज नखभर खाली

ज्या वस्तूला पाय आहेत ती वस्तू सरळ करता येते, असं मिस्त्रींचं ठाम मत होतं. डुगडुगणारं टेबल असो, कुरकुरणारा पलंग असो, नाहीतर एका बाजूला कललेलं कपाट असो, मिस्त्री खाली वाकायचे, एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "पायात खोट आहे. घासला की बसेल." हे वाक्य त्यांच्या जिभेवर इतकं रुळलं होतं की बायकोच्या गुडघ्याचं पहिलं ऑपरेशन झालं तेव्हा ते डॉक्टरांसमोरही निसटलं. डॉक्टर हसले. बायको हसली नाही. त्याच गुडघ्याचं दुसऱ्यांदा ऑपरेशन करायची वेळ आली, तेव्हा मात्र मिस्त्री दवाखान्यात तोंडात मूग धरल्यासारखे बसून होते.

मिस्त्री म्हणजे सुतार. त्यांना घरात, दारात, बाजारात सगळे मिस्त्रीच म्हणत. त्यांच्या बायकोला सगळे बाई म्हणत, कारण त्या बालवाडीच्या बाई होत्या. इतक्या वर्षांत हे नाव असं चिकटलं होतं की बाईंची सख्खी आईसुद्धा म्हणायची, "बाई, जरा पाणी दे गं."

दोघांची ओळखच मुळी खुर्च्यांवरून झाली. बालवाडीच्या चिमुकल्या लाल खुर्च्या बनवून मिस्त्री शाळेत घेऊन गेले, तर नव्यानंच लागलेल्या या बाई त्यातल्या एकीवर बसल्या, उठल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री, उंच झाल्या. पोरांचे पाय जमिनीला टेकायला हवेत. पाय टेकले नाहीत की पोरं रडतात." मिस्त्रींनी खुर्च्या परत नेल्या आणि कापून आणल्या. एकदम नाही, एकेक. शेवटी शाळेच्या शिपायानं विचारलं, "मिस्त्री, खुर्च्या कापताय का शाळा बांधताय?"

तर या लाल खुर्च्यांनीच पुढं दगा दिला. संगीत खुर्ची खेळताना बाई पोरांबरोबर धावल्या, शेवटच्या खुर्चीसाठी वळल्या आणि गुडघ्यातली दोरी तुटली. ऑपरेशन झालं, व्यायाम झाला, बाई पुन्हा वर्गात गेल्या. आणि एक दिवस त्याच लाल खुर्चीवरून उठताना गुडघ्यातून आवाज आला. कट्ट. पोरांना वाटलं बाईंनी चुटकी वाजवली. त्यांनीही वाजवून दाखवल्या.

म्हणून दुसरं ऑपरेशन.

या वेळी मिस्त्रींनी काहीही कमी पडू द्यायचं नाही असं ठरवलं होतं. डॉक्टरांनी सुरुवातीला उंच खुर्ची सांगितली होती, तर मिस्त्रींनी खिडकीजवळच्या हाताच्या खुर्चीला असे भक्कम ठोकळे जोडले की बाई तिच्यावर बसल्या की टेनिसच्या पंच दिसायच्या. मदतीला बाईंच्या आई आल्या होत्या. त्या बुटक्या, गोल आणि हुकमी. त्यांची एकच अडचण होती. गॅलरीच्या दाराची कडी उंचावर होती आणि त्यांचा हात तिथवर पोचत नसे. त्यामुळे दिवसभर घरात हाक घुमायची, "जावईबापू, कडी."

हळूहळू टाके सुकले, काठी सुटली. पण गुडघा एका जागी येऊन अडला. व्यायाम शिकवायला एक तरुण मुलगी घरी यायची. ती आली की "पाय वर. थांबा. खाली. मी सांगितलं का खाली?" असा तास सुरू व्हायचा, म्हणून मिस्त्रींनी तिचं नाव हवालदार ठेवलं होतं, अर्थात तिच्या माघारी. तिच्याकडे गुडघ्याचा कोन मोजायचं एक प्लास्टिकचं यंत्र होतं. आपल्या कंपासपेटीतल्या कोनमापकाचा थोरला भाऊच म्हणा ना.

"काकू, अजून थोडा वाकवा."

"झालं."

"हा धड काटकोनही नाही झाला."

"मला शाळेत भूमिती कधीच जमली नाही."

"काकू, दुखतंय का?"

"नाही," बाई म्हणाल्या. मग जरा वेळानं म्हणाल्या, "पण आवाज येईल."

हा आवाज म्हणजे ते कट्ट. तो येत नव्हता, पण येईल असं बाईंना दर वेळी वाटायचं, आणि पाय तिथंच थांबायचा. फाटक बंद दिसलं की गाडी थांबते तसा. इकडं शाळेच्या मोठ्या बाईंचा फोन येऊन गेला होता. नवीन वर्षात बालवाडी हवी असेल तर खाली बसता उठता आलं पाहिजे. नाहीतर वरच्या मजल्यावर ऑफिसात टेबल आहे, पंखा आहे, फिरती खुर्ची आहे. बाईंना फिरती खुर्ची नको होती. त्यांना पोरांच्या नाकासमोर आपलं नाक आणून गोष्ट सांगायची होती, आणि ते ऑफिसातून होण्यासारखं नव्हतं.

मिस्त्री हवालदाराला सोडायला जिन्यापर्यंत गेले.

"काका, गुडघा उत्तम आहे," ती म्हणाली. "डॉक्टरांनी काम चोख केलंय. घाबरलंय ते डोकं."

"म्हणजे डोक्याला कळू न देता गुडघा वाकवला तर?"

"तर काय, सुटेल की. खुर्ची रोज थोडी बुटकी करत नेली तरी हळूहळू वाकेल. पण हे काकूंना विश्वासात घेऊनच करायचं हं काका, नाहीतर..."

'पण'च्या पुढचं मिस्त्रींनी ऐकलंच नाही. ते मनानं केव्हाच आपल्या सुतारकामाच्या कारखान्यात पोचले होते आणि करवत निवडत होते.

दुसऱ्या दिवसापासून मिस्त्री दुपारी जेवायला घरी येऊ लागले. बाई गोळी घेऊन झोपायच्या. सासूबाई टीव्हीवरची मालिका लावायच्या, आणि त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे ती सगळ्या इमारतीला लागायची. मालिकेतली सून रडायला लागली की मिस्त्री खुर्ची टेबलाआड आडवी करायचे आणि चारही पायांचा नखभर तुकडा उडवायचे. मग पॉलिश कागदाचा हात, मग रबरी बुचं परत जागच्या जागी. काम असं बेमालूम की खुद्द खुर्चीलाही कळू नये.

"हल्ली दुपारी घरी येतात," बाई आईला म्हणाल्या. "किती जीव टाकतात माझ्यावर."

मिस्त्रींना ते ऐकून गुदगुल्या झाल्या. ठोकळे संपले, खुर्चीचे स्वतःचे पाय सुरू झाले, आणि बाईंना पत्ताही नाही. मिस्त्री शीळ घालत कामाला जाऊ लागले.

मग एका सकाळी बाई खिडकीतून बघत म्हणाल्या, "अहो, इथून मला समोरचा बाक दिसायचा. आता नुसता झाडाचा शेंडा दिसतोय."

"झाड वाढलंय," मिस्त्री म्हणाले.

"आणि बाक?"

"झाडामागं गेला."

बाईंनी झाडाकडे कौतुकानं पाहिलं. पण जेवणाच्या टेबलाला खुर्ची ओढली तेव्हा ताट त्यांच्या हनुवटीपाशी आलं. त्या दुपारी मिस्त्रींनी टेबलही कापलं. टेबल खाली आलं तर बाकीच्या खुर्च्या उंच दिसायला लागल्या. त्या कापल्या. खुर्च्यांशेजारी सोफा डोंगरासारखा दिसायला लागला. तोही कापला. वरच्या मजल्यावरचे वकील बाईंच्या तब्येतीची चौकशी करायला आले आणि नेहमीच्या अंदाजानं सोफ्यावर बसले, तर सोफा यायच्या आत ते बरंच अंतर खाली गेले. त्यांच्या कपातला सगळा चहा हवेत राहिला आणि मग त्यांच्यामागोमाग आला.

फक्त पलंग तेवढा राहिला, कारण त्याच्या पोटात गाद्या होत्या आणि त्याला पायच नव्हते.

सासूबाईंची नजर मात्र तिखट. त्या टेबलाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, हे टेबल बुटकं झालंय."

मिस्त्रींनी घाईघाईनं घास गिळला. घाबरलेला माणूस जे पहिलं सुचेल ते बोलतो, तसे ते बोलून गेले, "टेबल कसं बुटकं होईल? तुम्हीच उंच झाला असाल."

"या वयात?"

"हो. होतं कुणाकुणाचं."

सासूबाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "असं असतं तर माझा हात त्या कडीला नसता का लागला?"

आता दुसरा कुणी असता तर इथं हात जोडून मोकळा झाला असता. मिस्त्री कारागीर होते. त्याच दुपारी मालिकेतल्या सासरेबुवांना झटका आला, सासूबाई पडद्याला खिळल्या, आणि मिस्त्रींनी कडी उतरवून वीतभर खाली ठोकली. जुनी भोकं बुजवली आणि वर रंगाचा हात मारला.

संध्याकाळी गॅलरीच्या दारातून किंकाळी आली.

"जावईबापू!"

"काय झालं?"

"काही नाही," सासूबाई कडी उघडत, लावत, पुन्हा उघडत म्हणाल्या. "तुम्ही बसा. मला लागतो हात."

आयुष्यभर प्रत्येक फोटोत पहिल्या रांगेत उभं राहिलेल्या बाईला उतारवयात उंची लाभली तर तिचं काय होईल, याचा विचार करा. त्या रात्री जेवताना सासूबाई ताठ बसल्या होत्या. पण या वाढीमागचं खरं कारण त्या कुणाला सांगत नव्हत्या. डॉक्टरांनी बाईंना हाडं बळकट व्हायला दुधातून घ्यायची एक पावडर दिली होती. सासूबाई त्यातली चमचाभर रोज गुपचूप स्वतःच्या दुधात घालत होत्या. आता त्यांनी दोन चमचे सुरू केले.

म्हणजे बघा, एका घरात दोन चोर, आणि दोघांनाही वाटतंय की आपल्यामुळे सगळं छान चाललंय.

छान काहीच चाललं नव्हतं. हवालदार आली, तिनं यंत्र लावलं, पुसलं, परत लावलं. "काकू, कमाल आहे! काटकोन कुठच्या कुठं मागं पडला."

"तुझं यंत्र बिघडलंय," बाई म्हणाल्या.

"अहो, पण..."

"माझा गुडघा आहे, मला कळतं."

बाईंना काय कळत होतं, ते त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. सकाळी पलंगावरून त्या झटकन उठायच्या. पण दुपारी खुर्चीवरून उठताना कालच्यापेक्षा आज जास्त जोर लागायचा, आणि आजच्यापेक्षा उद्या आणखी. दोन्ही हात टेकायचे, पुढं झुकायचं, दात आवळायचे. गुडघा वाकतोय ही गोष्ट त्यांच्या लक्षातच आली नाही. उठवत नाही, एवढंच आलं. पहिल्या ऑपरेशननंतरही असंच झालं असणार, आपल्याला कळलं नाही इतकंच, असा त्यांनी हिशेब लावला. आणि बाई एकदम गप्प गप्प राहायला लागल्या.

मिस्त्रींना वाटलं, बायको शांत झाली, म्हणजे योजना लागू पडली.

एक दिवस ते दुपारी जरा लवकर आले. मालिका अजून लागायची होती. बाई खुर्चीत बसून फोनवर बोलत होत्या आणि त्यांची पाठ दाराकडे होती.

"हो, मोठ्या बाई. मी नीट विचार केलाय. ऑफिसातलंच टेबल द्या मला." मग पलीकडचं ऐकून घेतलं. मग, "नाही हो, दुसरं ऑपरेशनही फसतंय. घरात कुणाला बोलले नाही. हे बिचारे दुपारचे जेवायला येतात माझ्यासाठी. त्यांना कसं सांगू? लाल खुर्च्या तेवढ्या नव्या बाईंना नीट दाखवा. एकीचा पाय हलतो, ती कारखान्यात दुरुस्तीला दिलीय."

मिस्त्रींच्या हातातली पिशवी खाली गेली. तिच्यात करवत होती. ती खण्णकन वाजली.

"कोण?" बाईंनी फोन ठेवून डोळे पुसले.

"मीच," मिस्त्री म्हणाले. त्यांना पुढं खूप बोलायचं होतं. खुर्ची, टेबल, सोफा सगळं सांगायचं होतं, पण सुरुवात कुठल्या पायापासून करावी तेच सुचेना. ते टेबलाशी जाऊन बसले. तेवढ्यात सासूबाई बाईंचं दूध घेऊन आल्या.

बाईंनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "आई, हे काय घातलंस? लाकडासारखं लागतंय."

"काहीतरीच," सासूबाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज बारीक झाला.

"बघा हो तुम्ही." बाईंनी पेला मिस्त्रींपुढं केला.

मिस्त्रींचं डोकं फोनवरच्या बोलण्यातच गुंतलं होतं. त्यांनी पेला घेतला, घोट घेतला, जिभेवर घोळवला आणि सवयीनं निकाल दिला, "सागवान आहे."

बाईंनी पेला परत घेऊन आत पाहिलं.

"दुधात?" बाई म्हणाल्या.

"जुना साग. आपल्या खुर्चीचा..." आणि मिस्त्री थांबले. पण फार उशिरा.

सासूबाई मटकन खाली बसल्या. खुर्ची अपेक्षेपेक्षा खाली असल्यामुळे जरा जास्तच मटकन. "माझं चुकलं बाई. मी रोज तुझी पावडर घेत होते. काल टेबलाखाली सांडलेली दिसली, मला वाटलं माझ्याच हातून सांडली. तुला कळू नये म्हणून गोळा करून डब्यात भरली."

"ती पावडर नव्हती," मिस्त्री म्हणाले.

"मग काय होतं?"

"भुसा."

"कशाचा?"

बाईंचा चेहरा एकाएकी बालवाडीतल्या बाईंचा झाला. शी आली म्हणून खोटं सांगून खेळायला पळालेल्या पोराकडे बघतात ना, तसा. "दोघंही तिकडं कोपऱ्यात उभे राहा," त्या म्हणाल्या. "कुणी काय केलं ते एकेकानं सांगायचं. दुसऱ्याचं चालू असताना मध्ये बोलायचं नाही. आई, तुझं झालं. आता तुम्ही."

मिस्त्री कोपऱ्यात उभे राहिले. शेजारी सासूबाई. आणि मिस्त्रींनी खुर्चीपासून सोफ्यापर्यंत सगळं भडाभडा सांगून टाकलं. कडीचं मात्र तोंडावर आलेलं परत गिळलं, कारण शेजारी उभ्या असलेल्या सासूबाईंचा चेहरा आधीच वीतभर उतरला होता.

बाई ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांचा हात गुडघ्यावर गेला.

"म्हणजे माझा गुडघा बिघडत नव्हता?"

"खुर्ची बिघडत होती," मिस्त्री म्हणाले.

"आणि मी इथं रोज... मला वाटलं तिसऱ्यांदा..." बाईंचा आवाज फाटला. "मला विचारायचं तरी होतं हो एकदा."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते. मग भांडला असतात. मग कदाचित हो म्हणाले असते. पण मला माहीत तरी असतं, की मी खाली का जातेय."

 मिस्त्रींनी कोपरा सोडायची परवानगी मागितली, जिना उतरून कारखान्यात गेले आणि दुरुस्तीला आलेली लाल खुर्ची घेऊन वर आले. ती त्यांनी बाईंच्या खुर्चीला खेटून ठेवली. मग बाईंना हात देऊन उठवलं, खिशातून पाणसळ काढली, तीच ती काचेच्या नळीत बुडबुडा असलेली पट्टी, आणि एक टोक या खुर्चीवर, एक टोक त्या खुर्चीवर असं तिला आडवं ठेवलं.

बुडबुडा जरासा इकडं गेला, जरासा तिकडं गेला आणि मधोमध येऊन थांबला.

बाईंनी खाली वाकून पाहिलं. मग परत पाहिलं. "मी रोज इथं बसतेय?"

"कालपासून. परवा नखभर वर होतीस."

बाईंनी लाल खुर्ची पुढं ओढली. मिस्त्री धावले, तर त्यांनी हातानंच थांबवलं. हळूच बसल्या. दोन्ही पावलं जमिनीला सपाट टेकली. मग हात न टेकता त्या उठायला लागल्या, आणि निम्म्यावर आल्या तेवढ्यात आवाज आला.

कट्ट.

तिघंही जागच्या जागी थिजले. बाई निम्म्यात, मिस्त्री हात पुढं करून, सासूबाई डोळे मिटून.

"खुर्ची आहे," मिस्त्री कसंबसं म्हणाले. "तिच्या पायात खोट आहे. जरा घासला की..."

"खबरदार," बाई पूर्ण उठून उभ्या राहत म्हणाल्या. "आता या घरात कुठल्याही पायाला हात लावायचा नाही."

आणि आपण उभ्या आहोत हे लक्षात आल्यावर त्या आधी हसल्या, मग रडल्या, मग त्यांनी मोठ्या बाईंना परत फोन लावला. ऑफिसातलं टेबल दुसऱ्या कुणालातरी द्या, म्हणाल्या. आणि लाल खुर्च्या कुणाला दाखवायची गरज नाही, मला सगळ्या ओळखतात.

कापलेलं लाकूड काही परत वाढत नाही, त्यामुळे त्या घरातली मंडळी अजूनही बाहुल्यांच्या भातुकलीला बसल्यासारखी जेवतात. सासूबाईंनी पावडर सोडली. पण त्या रात्री जेवताना त्या बराच वेळ गॅलरीच्या दाराकडे बघत होत्या.

"टेबल कापलं, ते समजलं," त्या हळूच म्हणाल्या. "खुर्च्या कापल्या, त्याही समजल्या. पण त्या कडीला माझा हात लागतो, त्याचं काय? कडीला काही पाय नाहीत."

त्यांचे डोळे असे लकाकत होते, की बघवेना. मिस्त्री खरं बोलायला आता सरावले होते. त्यांनी घास खाली ठेवला, घसा साफ केला आणि तोंड उघडलं.

तेवढ्यात टेबलाखालून बाईंनी त्यांच्या नडगीवर सणसणीत लाथ हाणली. ऑपरेशनच्या पायानं.

"तू थोडी वाढलीच असशील गं, आई," बाई म्हणाल्या. "होतं कुणाकुणाचं."

त्यानंतर बरेच दिवस त्या घरात लंगडत चालणारं माणूस एकच होतं, आणि ते काही बाई नव्हत्या.